पत्नीला माझी किडनी का चालत नाही?

पत्र : आदरणीय डॉक्टर साहेब, मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. सहा एकर कोरडवाहू शेती आहे, कपाशी आणि तूर घेतो. पत्नीचे वय ३७ असून आम्हाला दोन मुले आहेत. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस होते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी तिला तीन पिशव्या रक्त चढवले होते. माझा रक्तगट ओ आणि तिचा बी. ओ गट सगळ्यांना चालतो असे सांगितले, म्हणून मी किडनी द्यायला तयार झालो. माझ्या सर्व तपासण्या चांगल्या आल्या. मे महिन्यात दोघांचे रक्त बर्फाच्या डब्यात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवले. रिपोर्टमध्ये ‘क्रॉसमॅच पॉझिटिव्ह’ असे होते. जुळले असे समजून मी पेढे घेऊनच घरी गेलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की ऑपरेशन होणार नाही. आमच्या आत्या म्हणतात, ‘लेकरं झाली का बाईचं रगत पलटते, मंग नवऱ्याचं चालत नाई.’ तेव्हापासून पत्नी स्वतःलाच दोष देते. उन्हाने रक्त खराब झाले असेल का? दुसरीकडे तपासावे का? तिचा भाऊ तयार आहे, पण त्याचे तरी जुळेल का? डॉक्टर ‘स्वॅप’बद्दल बोलले, ते समजले नाही. एक ओळखीचा माणूस पैसे घेऊन रिपोर्ट निगेटिव्ह करून देतो आणि वेळ पडली तर किडनी देणाराही आणतो म्हणतो. काय करावे? रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडली आहे.
– एक वाचक, जिल्हा यवतमाळ

उत्तर : सप्रेम नमस्कार.

झेरॉक्स पाठवलीत हे फार बरे केलेत. नुसते ‘पॉझिटिव्ह आला’ एवढेच कळवले असते, तर मलाही मोघम उत्तर द्यावे लागले असते. रिपोर्ट पाहून इतके सांगता येते की तुमच्या डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवले ते योग्य केले, आणि आजच्या स्थितीत तुमची किडनी वहिनींना थेट बसवणे धोक्याचे आहे. मात्र हा निकाल तुमच्या दोघांच्या जोडीपुरता आहे. वहिनींना कोणाचीच किडनी चालणार नाही, असे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नाही. मी प्रयोगशाळेच्या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे उपचारातला शेवटचा शब्द तुमच्या किडनीतज्ज्ञांचा राहील. पण कागद कसा वाचावा आणि पुढे काय विचारावे, हे मी सांगू शकतो.

पेढ्यांचे मनाला लावून घेऊ नका, हा गैरसमज शिकल्या-सवरल्या घरांतही होतो. प्रयोगशाळेने जे शोधले ते सापडले की रिपोर्ट पॉझिटिव्ह लिहितात, आणि इथे शोध चालला होता तो तुमच्या पेशींवर हल्ला करू शकतील अशा प्रतिपिंडांचा. डॉक्टर त्यांना अँटीबॉडी म्हणतात.

ओ गटाची किडनी बी गटाच्या रुग्णाला चालते, हे तुम्हाला खरेच सांगितले होते. परंतु रक्तगट ही पहिली चौकी झाली. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर आणखी काही खुणा असतात, त्यांना एचएलए म्हणतात. जनावरांच्या कानात हल्ली जो पिवळा बिल्ला टोचतात, त्यावरून जनावर कोणाच्या गोठ्यातले हे कळते. तसेच या खुणांवरून पेशी आपली की परकी हे शरीराला कळते. या खुणा ठरवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि त्यांचा एक संच आईकडून, एक वडिलांकडून येतो. रक्तगट मोजून चार, पण या खुणांचे प्रकार हजारोंच्या घरात आहेत, त्यामुळे नात्याबाहेरच्या दोन माणसांत त्या पूर्ण सारख्या सापडणे फार दुर्मीळ असते. लाल पेशींवर त्या फारशा नसतात, पण पांढऱ्या पेशींवर भरपूर असतात, आणि किडनीतील रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही असतात. म्हणूनच ऑपरेशनच्या टेबलावर किडनीचे काय होईल याचा अंदाज दात्याच्या पांढऱ्या पेशींवरून आधीच घेता येतो.

ही चाचणी कशी होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या निम्म्या शंकांचे उत्तर त्यातच आहे. तुमच्या रक्तातून लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जिवंत स्थितीत वेगळ्या काढतात. वहिनींचे रक्त गोठू देऊन वर राहिलेला पिवळसर पातळ भाग, म्हणजे सीरम, घेतात. प्रतिपिंडे असलीच तर ती या सीरममध्ये असतात. मग तळहाताएवढी प्लास्टिकची एक थाळी घेतात, जिच्यात साठ किंवा बहात्तर बारीक खळगे असतात. प्रत्येक खळग्यात आधी तेलाचा थेंब सोडतात, नाहीतर पुढचा थेंब इतका लहान असतो की तो बघता बघता वाळून जाईल. तेलाखाली साधारण एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलीलिटरचा हजारावा भाग, एवढे सीरम आणि तेवढ्याच तुमच्या पेशी सोडून अर्धा तास थांबतात. त्यानंतर सशाच्या रक्तापासून मिळवलेले कॉम्प्लिमेंट नावाचे प्रथिनांचे मिश्रण घालून सुमारे तासभर थाळी तशीच ठेवतात. वहिनींच्या प्रतिपिंडांनी तुमच्या पेशींना पकडले असेल, तर हे कॉम्प्लिमेंट त्या पेशींच्या आवरणाला भोके पाडते. शेवटी रंग घालतात: मेलेल्या पेशी रंग शोषून घेतात, जिवंत पेशी घेत नाहीत. तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खळगा बघून शंभरातल्या किती पेशी मेल्या याचा अंदाज लिहितो. या पद्धतीला सीडीसी क्रॉसमॅच म्हणतात. १९६४ मध्ये अमेरिकेतील पॉल टेरासाकी यांनी ती एवढ्याशा थेंबात करण्याची सोय शोधली आणि त्या थाळीला आजही टेरासाकी ट्रे म्हणतात.

आता तुमचा रिपोर्ट. टी-सेलसमोर डीटीटीशिवाय ६० आणि डीटीटीसह ५०, बी-सेलसमोर ८० आणि ७० असे आकडे आहेत. हे मेलेल्या पेशींचे टक्के होत. बहुतेक प्रयोगशाळा १० पर्यंत निगेटिव्ह, १० ते २० संशयास्पद आणि त्यापुढे पॉझिटिव्ह धरतात. टी आणि बी हे लिम्फोसाइटचेच दोन प्रकार. टी पेशींवर एचएलएच्या पहिल्या वर्गाच्या खुणा असतात, बी पेशींवर पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही वर्गांच्या असतात, म्हणून बीचा आकडा मोठा असणे स्वाभाविक आहे. खरे महत्त्व डीटीटीच्या रकान्याला आहे. डीटीटी हे रसायन आयजीएम जातीच्या प्रतिपिंडांना निकामी करते, आणि ही जात पुष्कळदा निरुपद्रवी असते. डीटीटी घातल्यावर ६० चे ५ झाले असते, तर मी तुम्हाला वेगळा सल्ला दिला असता. ६० चे ५० च झाले, याचा अर्थ किडनीला खरोखर घातक असलेली आयजीजी जातीची प्रतिपिंडे तिथे आहेत आणि ती थोडीथोडकी नाहीत.

एक रकाना मात्र तुमच्या कागदावर कोरा आहे, ‘ऑटो क्रॉसमॅच’चा. त्यात रुग्णाचे सीरम रुग्णाच्याच पेशींवर घालून बघतात. काही आजारांत, विशेषतः ल्युपसमध्ये, शरीर स्वतःच्या पेशींविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते आणि त्यामुळे क्रॉसमॅच खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. वहिनींची किडनी कशामुळे गेली हे तुम्ही लिहिलेले नाही. ल्युपसचा संशय कधी कोणी बोलून दाखवला असेल, तर ही चाचणी आवर्जून मागा. रिटुक्सिमॅब नावाचे इंजेक्शन पूर्वी दिले असेल तर तेही सांगा, कारण त्यामुळे बी-सेलचा आकडा फसवा येतो. तुमच्या बाबतीत टी-सेलही स्पष्ट पॉझिटिव्ह असल्याने या एकट्या कारणाने सगळा उलगडा होईल असे मला वाटत नाही.

उन्हाचा आणि बर्फाचा प्रश्न तुम्ही विचारलात, तो अगदी रास्त आहे. या चाचणीला दात्याच्या पेशी जिवंत लागतात. यवतमाळच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत पडून राहिलेली नळी निश्चितच खराब होऊ शकते, पण बर्फावर ठेवलेली नळीही तितकीच बाद होऊ शकते, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. दात्याचे रक्त साध्या खोलीच्या तापमानाला राहून, शक्य तर एका दिवसात प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजे. आपल्याकडे रक्त म्हटले की बर्फ, ही सवय लस आणि रक्तपेढीच्या डब्यांवरून पडलेली आहे. तरीही केवळ वाहतुकीमुळे तुमचा रिपोर्ट चुकला असेल असे म्हणता येत नाही, कारण चांगली प्रयोगशाळा तुमच्याच पेशी प्रतिपिंडे नसलेल्या सीरममध्ये घालून शेजारच्या खळग्यात तपासते. तिला निगेटिव्ह कंट्रोल म्हणतात. पेशी प्रवासातच मेल्या असत्या, तर तिथेही मोठा आकडा दिसला असता आणि नमुना परत मागवला गेला असता. तुमच्या झेरॉक्सवर कंट्रोलचा आकडा दिसत नाही. डॉक्टरांकरवी प्रयोगशाळेला तो विचारून घ्या.

तेव्हा दुसरीकडे तपासावे का, याचे माझे उत्तर असे: निकाल आवडला नाही म्हणून तीच चाचणी तीन ठिकाणी करत पैसे घालवू नका. एकदाच, दोघांनी स्वतः शहरात जाऊन, तिथेच ताजे रक्त देऊन, ऑटो क्रॉसमॅचसह चाचणी करा आणि तिच्याबरोबर ‘सिंगल अँटिजेन बीड’ नावाची चाचणी मागा. तिच्यात वहिनींचे सीरम रंगसंकेत असलेल्या सूक्ष्म मण्यांवर घालतात. प्रत्येक प्रकारच्या मण्यावर एकच एचएलए खूण चिकटवलेली असते. कोणत्या खुणेविरुद्ध प्रतिपिंड आहे आणि साधारण किती जोराचे आहे, हे त्यातून एमएफआय नावाच्या आकड्यात कळते. चाचणी महाग आहे, पण तुमच्यासारख्या प्रकरणात मी तिला फालतू खर्च म्हणणार नाही, कारण तिचा कागद हातात असला की पुढचा प्रत्येक दाता निवडताना त्याचा उपयोग होतो. दात्याच्या खुणा आधी तपासून त्या या यादीशी ताडून पाहता येतात आणि कोणाला प्रत्यक्ष क्रॉसमॅचला न्यायचे, कोणाला नाही, हे बसल्या जागी बरेचसे ठरते. एमएफआयचा कोणताही एक आकडा सर्व प्रयोगशाळांसाठी धोक्याची रेषा नसतो, म्हणून शेजारच्या रुग्णाच्या आकड्याशी आपला आकडा ताडू नका.

आत्याबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे, हे मला कबूल केले पाहिजे. बाळंतपणाने बाईचे रक्त पलटत नाही, रक्तगट तर मुळीच बदलत नाही. पण पोटातल्या बाळाच्या पेशींवर निम्म्या खुणा वडिलांच्या असतात. गर्भारपणात आणि बाळंतपणाच्या वेळी त्या पेशींशी आईच्या शरीराची ओळख होते, आणि काही स्त्रियांच्या शरीरात त्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. सगळ्यांच्या होत नाहीत. बाळाला त्यांचा सहसा त्रास होत नाही, बाईलाही नाही. वर्षानुवर्षे त्यांचा पत्ताही लागत नाही, आणि नेमकी नवऱ्याची किडनी घ्यायची वेळ आली की ती समोर येतात, कारण त्या खुणा नवऱ्याच्याच असतात. वहिनींना हे समजावून सांगा, आणि आत्याबाईंनाही. यात कोणाचा दोष काढायचाच झाला, तर खुणा तुमच्या आहेत, त्यांच्या नाहीत! आणि त्याच कारणाने आईला स्वतःच्या मुलाची किडनी देतानाही डॉक्टर हा धोका ध्यानात घेतात. तुमची मुले लहान असतील, तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण १८ वर्षांखालील मुलांना जिवंतपणी स्वतःचा अवयव दान करता येत नाही.

रक्ताच्या तीन पिशव्यांचाही यात वाटा असू शकतो. रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशी पिशवीतून शरीरात जातात आणि ज्या शरीराला बाळंतपणात अशा खुणांची ओळख झालेली असते, तिथे जुनी आठवण जागी होऊन प्रतिपिंडे वाढतात. आपल्या भागात डायलिसिसच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन पाच-सहावर आले की नातेवाईकच ‘एक पिशवी चढवून टाका’ असा आग्रह धरतात आणि पुष्कळदा ती चढतेही. प्रत्यारोपणाचा विचार असलेल्या रुग्णाला शक्यतो एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे शरीराला लाल पेशी बनवायला लावणारी, इंजेक्शने आणि लोह देऊन सांभाळावे. जीव धोक्यात असेल तर रक्त अवश्य घ्यावे, त्यात मागेपुढे पाहू नये; मात्र पांढऱ्या पेशी गाळून काढलेले रक्त मिळेल का, हे विचारावे. गाळल्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही.

आता वहिनींच्या भावाबद्दल. सख्ख्या भावंडांत एचएलएचे दोन्ही संच सारखे निघण्याची शक्यता चारात एक, एक संच सारखा निघण्याची चारात दोन, आणि एकही सारखा नसण्याची चारात एक असते. पण इथे एक घोळ नेहमी होतो, तो टाळा. खुणा किती जुळतात ही एक गोष्ट आणि प्रतिपिंडे आहेत की नाहीत ही दुसरी. भावाच्या खुणा कमी जुळल्या, पण त्या खुणांविरुद्ध वहिनींच्या रक्तात प्रतिपिंडे नसली, तर क्रॉसमॅच निगेटिव्ह येईल आणि ऑपरेशन होऊ शकेल. नवऱ्याच्या ज्या खुणांनी अडवले, त्या भावात असतीलच असे नाही. म्हणून तुमचा पॉझिटिव्ह आला यावरून भावाचाही येईल असा तर्क करू नका. त्यांचा रक्तगट बी किंवा ओ असला पाहिजे. तो आधी बघा, त्याला फारसे पैसे लागत नाहीत. आपल्या विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत असतो, म्हणून तीही चाचणी दात्याच्या सुरुवातीच्या तपासण्यांतच करून घ्यावी. सासूबाई-सासऱ्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिले नाही. आई किंवा वडील यांच्याशी एक संच जुळतोच. प्रकृती धडधाकट असेल तर केवळ वय साठीकडे झुकले म्हणून त्यांना आधीच बाजूला काढू नये. भावाने आणि त्यांच्या पत्नीने डॉक्टरांशी तुमच्या अनुपस्थितीत मोकळेपणी बोलावे, आणि नको वाटले तर त्यांनी नाही म्हणावे. त्यांच्या नकारावरून घरात पुढे बोलणे होऊ नये, एवढे तुम्ही बघा.

‘स्वॅप’ म्हणजे दोन जोड्यांमधील अदलाबदल, आणि तुमच्या बाबतीत मला हा मार्ग फार आशेचा वाटतो. समजा, अमरावतीकडे एखादे असे जोडपे आहे की बायको रुग्ण आहे, तिचा गट ओ आहे, आणि किडनी द्यायला तयार असलेल्या नवऱ्याचा गट बी आहे. बी गटाची किडनी ओ गटाला सरळ चालत नाही, म्हणून ते अडले आहेत. तुम्ही ओ गटाचे असल्याने तुमची किडनी त्या बाईंना जाऊ शकते आणि त्या नवऱ्याची बी गटाची किडनी वहिनींना. अर्थात दोन्ही नव्या जोड्यांचे क्रॉसमॅच निगेटिव्ह आले पाहिजेत. ओ गटाचा दाता बहुतेक वेळा आपल्या माणसाला थेट किडनी देऊन मोकळा होतो, त्यामुळे अदलाबदलीच्या यादीत ओ गटाचे दाते फार कमी असतात. जे असतात ते तुमच्यासारखे, क्रॉसमॅचने अडवलेले. म्हणून तुमचे नाव अशा यादीत आले, तर दुसऱ्या कोणाची तरी वाट मोकळी होण्याची शक्यता मोठी आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली, तिने अशा अदलाबदलीला मान्यता दिली. अट अशी की प्रत्येक जोडीतला दाता आपल्या रुग्णाचा जवळचा नातेवाईक असला पाहिजे: पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा किंवा नातवंडे. काका, मामा, मेहुणे त्यात येत नाहीत. प्राधिकार समितीची परवानगी लागते, पैशाची देवाणघेवाण होत नाही, आणि एका बाजूने मध्येच माघार घेऊ नये म्हणून दोन्ही ऑपरेशने शक्यतो एकाच वेळी करतात. ‘परक्याची किडनी’ म्हणून मनात अडी असेल तर एवढे ध्यानात घ्या की वहिनींच्या शरीराला आज तुमची किडनीच परकी, किंबहुना ओळखीचा शत्रू वाटते आहे.

प्रतिपिंडे कमी करून तुमचीच किडनी बसवण्याचाही एक मार्ग आहे. त्यात प्लाझ्मा एक्सचेंज करून, म्हणजे रक्तातला पातळ भाग यंत्राने काढून बदलून, प्रतिपिंडे कमी करतात, सोबत इम्युनोग्लोब्युलिन आणि रिटुक्सिमॅबसारखी औषधे देतात. त्याचा खर्च लाखांत जातो, जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि प्रतिपिंडे पुन्हा डोके वर काढू शकतात. सीडीसीमध्ये डीटीटीनंतरही ५० टक्के पेशी मेल्या असताना मी या मार्गाला पहिली पसंती देणार नाही; भाऊ आणि स्वॅप हे दोन्ही पर्याय संपल्यावर किडनीतज्ज्ञांशी त्याबद्दल बोलावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाचा समावेश आहे, पण कोणत्या चाचण्या आणि कोणती औषधे तिच्यात बसतात हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारा. शेत गहाण टाकण्याचा विचार त्याआधी करू नका.

त्या ओळखीच्या माणसाबद्दल मी स्पष्टच लिहितो. १९६९ मध्ये पटेल आणि टेरासाकी यांनी २२५ किडनी प्रत्यारोपणांचा हिशेब प्रसिद्ध केला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना केलेल्या ३० पैकी २४ किडन्या लगेच निकामी झाल्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८ झाल्या. त्यानंतर ही चाचणी जगभर सक्तीची झाली. पॉझिटिव्ह असताना किडनी बसवली तर काय होते, ते शल्यचिकित्सकांनी त्या काळी डोळ्यांनी पाहिले आहे: रक्त सुरू करताच गुलाबी झालेली किडनी काही मिनिटांत किंवा तासांत निळसर, डागाळलेली आणि लिबलिबीत होते, आतल्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि ती काढून टाकावी लागते. तो माणूस तुम्हाला कागद बदलून देईल, पण वहिनींच्या रक्तातील प्रतिपिंडांना त्याचा कागद वाचता येत नाही. तुमची एक चांगली किडनी जाईल आणि वहिनी पुन्हा डायलिसिसवरच राहतील, जिवावर बेतले तर तेही नाही. शिवाय पैसे देऊन दाता आणणे हा गुन्हा आहे; त्याला पाच ते दहा वर्षे कैद आणि किमान वीस लाख रुपये दंड आहे, आणि तो फक्त दलालाला नसून घेणाऱ्यालाही लागू होतो. त्याने आगाऊ रक्कम मागितली असेल तर देऊ नका, दिली असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

या सगळ्याबरोबर वहिनींचे नाव मेंदूमृत दात्यांकडून मिळणाऱ्या किडनीच्या यादीतही नोंदवून ठेवा. विदर्भासाठी ही यादी नागपूरच्या झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत चालते आणि नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयातून होते. घरात दाता शोधणे आणि यादीत नाव असणे, दोन्ही एकाच वेळी चालू शकते. प्रतिपिंडे असलेल्या रुग्णाला जुळणारा दाता मिळायला वेळ लागतो, म्हणून उशिरा नोंदवण्यात तोटाच आहे. नोंदणीनंतर प्रयोगशाळा ठरावीक काळाने ताजे सीरम मागते, ते वेळेवर द्या. रात्री-अपरात्री बोलावणे आले तर दारव्ह्याहून नागपूर गाठायला दीडशे किलोमीटरच्या वर प्रवास आहे, तेव्हा गाडी कोणाची आणि डायलिसिसचे कागद कुठे, हे आधीच ठरलेले असावे.

शेवटची एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तिच्यावरून पुढे चिडचिड होते म्हणून सांगतो. भावाचा क्रॉसमॅच निगेटिव्ह आला, तरी ऑपरेशनच्या तोंडावर तो पुन्हा करतात. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत ‘एकदा झाले ना, मग परत रक्त कशाला’ असे ते म्हणतील. प्रतिपिंडे कमी-जास्त होत असतात. मधल्या काळात एखादी पिशवी रक्त चढले किंवा एखादा मोठा संसर्ग झाला, तर महिन्यापूर्वीचा निगेटिव्ह आज पॉझिटिव्ह येऊ शकतो. रक्त चढवल्यानंतर प्रतिपिंडे दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून वहिनींच्या डायलिसिसच्या वहीत रक्त चढवल्याची तारीख दर वेळी लिहून ठेवा आणि क्रॉसमॅचच्या फॉर्मवर ती जशीच्या तशी उतरवा. तुमच्या आताच्या फॉर्मवर हा रकानाही रिकामाच गेला आहे. पुढच्या वेळी त्या तीन पिशव्या आणि दोन बाळंतपणे त्यात नोंदवायला सांगा.